खाली उतरा, ताई

घरात थोरलीचा शब्द शेवटचा असायचा. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, पाहुण्यांना कुठे झोपवायचं, पोराला ताप आला तर डॉक्टरकडे आजच न्यायचं की उद्यापर्यंत वाट बघायची, सगळ्यात. सासूबाई होत्या तेव्हाही खरं राज्य थोरलीचंच होतं, सासूबाई नुसत्या गादीवर बसायच्या. धाकटी सून म्हणून त्या घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा ती बरोबर असते, आणि नसते तेव्हा तिला ते सांगायची कोणाची छाती होत नाही.

आणि आता हीच थोरली जाऊ धाकटीच्या हाताखाली शिकाऊ म्हणून कामाला लागली होती.

त्याचं असं झालं. धाकटी इलेक्ट्रिशियन. परवाना असलेली, एका ठेकेदाराकडे नोकरीला, आणि गेली काही वर्षं शिकाऊ मुलांना हाताखाली घेऊन तयार करणारी. थोरली शिवणाच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला. मुलं कामधंद्यासाठी लांब गेलेली, नवरा मालवाहू ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. थोरलीने एक दिवस घरातली सगळी कपाटं उपसून पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी तीच कपाटं परत उपसली. तिसऱ्या दिवशी जेवताना ती धाकटीला म्हणाली, "मला तुझं काम शिकव."

धाकटीच्या नवऱ्याला ठसका लागला.

"हसायला काय झालं?" थोरलीने दिराकडे बघितलं. "ही करतेच आहे ना?"

"तसं नाही वहिनी. पण या वयात शिडीवर चढायचं म्हणजे..."

"मी काय शंभरीला टेकलेय? माळ्यावरचे डबे काढायला शिडीवर कोण चढतं या घरात? तू?"

विषय संपला. थोरलीने प्रशिक्षण केंद्रात नाव घातलं. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा पोरं तिला शिक्षिका समजून उभी राहिली. तिने सगळ्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसली. वर्गातलं शिक्षण संपलं आणि प्रत्यक्ष कामावर पाठवायची वेळ आली, तेव्हा ठेकेदार धाकटीला म्हणाला, "तुझ्याच घरची आहे, तूच सांभाळ."

घरचीच आहे म्हणून तर दुसऱ्या कोणाकडे द्या, असं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

धाकटीकडे आधीपासून एक शिकाऊ होता. विशीतला पोरगा, सगळं काम दुप्पट वेगाने करायचा आणि त्यातलं निम्मं परत करायला लागायचं. कामावर त्याला सगळे तुफान म्हणत. तो थोरलीला मोठी आई म्हणू लागला आणि तीही त्याचा डबा उघडून, "एवढंसं खातोस? म्हणून हात थरथरतात ड्रिल धरताना," असं बोलू लागली. दोघांचं छान जमलं.

त्या दिवसांत त्यांच्याकडे एका जुन्या चार मजली इमारतीचं काम होतं. प्रत्येक घरात धुराचे अलार्म बसवायचे होते. आधी तिथे बॅटरीवरचे अलार्म होते, पण त्यांचा उपयोग शून्य. कोणी फोडणीच्या वेळी कोकलतो म्हणून त्यातली बॅटरी काढून ठेवलेली, कोणी ती पोरांच्या खेळण्यात घातलेली. म्हणून आता घरातल्या विजेवर चालणारे अलार्म लावायचे, लाइट गेली तर आतली बॅटरी सांभाळून घेणार. एक बाहेरच्या खोलीत, एक घरातल्या बोळात, एक एक प्रत्येक झोपायच्या खोलीत, आणि सगळे एका जोडवायरने एकमेकांना बांधलेले. एका खोलीत धूर झाला की सगळ्या खोल्यांतले एकदम ओरडायला हवेत.

काम अवघड नव्हतं, पण चुकीला जागा नव्हती. दिव्यांच्याच लाइनवरून वीज घ्यायची असल्यामुळे आधी बोर्डावरचा त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली करायचा. मग त्याच्यावर छोटं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची, म्हणजे दुसरं कोणी तो चुकून वर करणार नाही. मग टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो नीट चालतोय ना ते बघायचं, मग आपल्या वायरवर, आणि मग पुन्हा सॉकेटवर. त्यानंतरच वायरीला बोट लावायचं. धाकटी हे रोज सकाळी दोघांकडून म्हणून घ्यायची, पाढे म्हणावेत तसं.

पहिल्या मजल्यावर तुफानने टेस्टर सॉकेटवर न लावता थेट वायरीला टेकवला. धाकटी दारातच होती.

"उतर खाली."

"मॅडम, आत्ताच तर शेजारच्या खोलीत—"

"शेजारच्या खोलीत चालला म्हणून इथे चालेल, हे टेस्टरने तुला लिहून दिलंय? मघाशी तो तुझ्या हातून खाली पडला, मी ऐकलं. आतून तुटला असेल तर? दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं समजून तू हात घालणार, आणि मी तुझ्या आईला काय सांगू? उतर. आज दिवसभर तू केबल ओढायची."

तुफान कान पाडून उतरला आणि दिवसभर केबल ओढत राहिला. संध्याकाळपर्यंत तो हे विसरलाही. त्याचा राग दुधाच्या उतासारखा होता, जितक्या लवकर यायचा तितक्याच लवकर बसायचा.

पण दुसऱ्या मजल्यावर थोरली चुकली. एमसीबी खाली केला, टेस्टर तिन्ही वेळा बरोबर लावला, फक्त कुलूप राहिलं. ती शिडीवर पाठमोरी होती, हात छताला, मन लावून वायरीची टोकं सोलत होती. धाकटी बोर्डापाशी आली आणि तिला कुलूप नसलेला एमसीबी दिसला. तिने तोंड उघडलं. ताई, एवढा एकच शब्द तोंडात आला आणि पुढचं काही येईना. घरमालकीण समोरच उभी होती, तुफान बाजूला केबल गुंडाळत होता. इतक्या लोकांदेखत ताईंना बोलायचं? धाकटीने आपल्या खिशातलं कुलूप काढलं, आवाज न करता लावलं आणि पुढे गेली.

तुफानने ते पाहिलं. दुपारी पाण्याची बाटली भरता भरता तो म्हणाला, "मोठी आई चुकली की तुम्ही कुलूप बोर्डाला लावता, आणि मी चुकलो की मला."

"फार बोलायला लागलास."

"बोलत नाही मॅडम. बघतो फक्त."

धाकटीला ते लागलं, कारण ते खरं होतं. पण तिचीही पंचाईत होती. ती स्वतः हे काम शिकायला बाहेर पडली तेव्हा तिची मुलगी रांगत होती. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं, सुनेने खांबांवर चढायचं का म्हणून. तेव्हा थोरली एकच वाक्य बोलली होती, "पोरगी मी बघते, तिला जाऊ द्या." आणि नुसतं बोलली नाही. कारखान्यातली पाळी बदलून घेतली, त्या पोरीला न्हाऊमाखू घातलं, गोष्टी सांगून झोपवलं. धाकटी रात्री तारांनी ओरबाडलेले हात घेऊन घरी यायची तेव्हा तिच्यासाठी ताट झाकून ठेवलेलं असायचं. ते सगळं कुठल्या तोंडाने विसरायचं आणि त्याच बाईला चारचौघांत उतरा खाली म्हणायचं? जाऊ दे, ताई हुशार आहेत, पुढच्या वेळी त्यांच्या त्यांच्या लक्षात येईल, असं तिने मनाला समजावलं. मन समजलंही. सोयीचं असलं की मन लगेच समजतं.

तिसऱ्या मजल्यावर एका छापखान्यातल्या माणसाचं घर होतं. तो रात्रपाळीला यंत्रावर असायचा आणि दिवसा झोपायचा. सोबत त्याची बहीण राहत होती. त्या दिवशी तिनेच दार उघडलं, बाजाराची पिशवी तिच्या हातात होती.

"तुम्ही करा तुमचं काम. दादा आतल्या खोलीत झोपलाय. तुम्ही ढोल वाजवलात तरी उठणार नाही," ती म्हणाली आणि बाजारात गेली.

ढोल वाजवला तरी उठणार नाही, हे ती थट्टेने म्हणत नव्हती. यंत्रांच्या खडखडाटात त्या माणसाचे कान जवळजवळ गेले होते. पण हे तिघांपैकी कोणाला माहीत नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही.

थोरलीने स्वयंपाकघरातल्या बोर्डावर दिव्यांचा एमसीबी खाली केला आणि बोळात शिडी लावली. धाकटी तुफानला घेऊन मागच्या खोलीत छताला भोकं पाडायला गेली. ड्रिल सुरू झालं की त्या खोलीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

छापखानेवाल्याला मात्र आवाजाने नव्हे, तहानेने जाग आली. खोलीचे पडदे दिवसा झोपण्यासाठी मुद्दाम जाड लावलेले, आत गुडुप अंधार. त्याने चाचपडत बटण दाबलं, दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मग नेहमीप्रमाणे खटका पडला असणार म्हणून तो उठला, डोळे चोळत आतल्या दाराने सरळ स्वयंपाकघरात गेला, बोर्डावरचा एकच खटका खाली दिसला, तो त्याने वर केला.

बोळात थोरलीच्या कानाशेजारचा दिवा भस्सकन लागला.

तिचा उजवा हात सोललेल्या तारेकडे निघालेला होता. तो तिथेच थांबला, तारेपासून बोटभर अंतरावर. दिवा लागायच्या आत तो पोचला असता तर काय झालं असतं, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने डाव्या हाताने शिडी घट्ट पकडली.

नेमका त्याच वेळी तुफान स्क्रूची डबी घ्यायला बाहेर आला. पेटलेला दिवा, उघड्या तारा आणि मोठ्या आईचा पांढराफटक चेहरा त्याने एका नजरेत पाहिला. "हात मागे! मॅडम! लाइन चालू आहे!" तो ओरडला आणि स्वयंपाकघराकडे धावला. तिथे छापखानेवाला हातात पाण्याचा पेला घेऊन उभा होता. तुफानने त्याच्या अंगावरून हात घालून एमसीबी खाली पाडला.

ड्रिल थांबलं. धाकटी बोळात आली. काय झालं हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. तिने बोर्ड पाहिला. कुलूप नव्हतं.

"खाली उतरा, ताई."

थोरलीने ओठांवरून जीभ फिरवली. "अगं, काही झालं नाही. दिवा दिसला ना मला वेळेवर..."

"खाली उतरा म्हणतेय ना मी!"

असा आवाज धाकटीने त्या घरात आल्यापासून थोरलीपुढे कधी काढला नव्हता. थोरली एक एक पायरी उतरली.

"कुलूप कुठे आहे?"

"खिशात."

"खिशाला शॉक बसणार होता का? बोर्डाला लावायची वस्तू खिशात ठेवून वर चढलात? आता हात तारेला लागला असता तर? तुम्ही वरून पडला असतात. भावजींना मी काय तोंड दाखवलं असतं? पोरांना फोन कोणी केला असता, तुफाननं?" तिने शिडी ओढून बाजूला केली. "आजपासून तुम्ही शिडीवर चढायचं नाही. मी सांगेपर्यंत. केबल ओढा, कचरा भरा. आणि हे मी ठेकेदाराला आत्ता कळवतेय."

छापखानेवाला तिघांच्या तोंडांकडे बघत होता. त्याला अर्धं कळलं, अर्धं नाही. "माझ्या खोलीत दिवाच नव्हता हो!" तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला. मग त्याने लोंबणाऱ्या तारा आणि शिडी पाहिली, आणि पेला खाली ठेवून मटकन खुर्चीवर बसला. त्याला सगळं नीट समजावून सांगता सांगता, आणि तुमचा दोष नाही हे पटवता पटवता बराच वेळ गेला.

ठेकेदाराने फोनवर धाकटीचीही हजेरी घेतली. "तू बोर्ड बघितला होतास का ड्रिल हातात घ्यायच्या आधी?" त्याने विचारलं. तिने नव्हता बघितला. तसं तिने सांगितलं.

त्या संध्याकाळी थोरलीने नेहमीसारखा स्वयंपाक केला, नेहमीसारखी पानं घेतली. फक्त तोंडात मिठाची गुळणी धरली होती. धाकटीने दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. एकदा उत्तर आलं, "वाढू का अजून?" दुसऱ्यांदा तेही आलं नाही.

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं, काहीतरी बोल म्हणून.

"मी नाही हं," तो हळूच म्हणाला. "दोन तारांच्या मधे हात घातला की काय होतं ते तुम्ही दोघीच मला सांगत असता."

सकाळी धाकटी उठली तेव्हा थोरलीची चप्पल दाराशी नव्हती. डबाही नव्हता. गेल्या ताई. कुठे, तर बहिणीकडे गेल्या असतील, नाहीतर केंद्रात नाव काढून घ्यायला. आणि आता हे घर पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही. चहा न घेताच ती निघाली. वाटेत ती मनातल्या मनात माफी मागायची वाक्यं जुळवत होती, आणि मग पुन्हा मोडत होती, कारण माफी मागायची तरी कशाची? बोललेलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

थोरली इमारतीच्या जिन्यात बसली होती. पायरीवर, गुडघ्यांवर हात ठेवून, शेजारी डबा. दार उघडायची वाट बघत.

"एवढ्या लवकर?" धाकटीच्या तोंडून एवढंच निघालं.

"घरात बसवेना."

"मला वाटलं तुम्ही काम सोडलंत."

"का? काल बोललीस म्हणून?" थोरलीने वर पाहिलं. "अगं, मी सासूबाईंच्या हाताखाली निम्मं आयुष्य काढलंय. तू काय मला बोलणार! त्यांच्यापुढे तू म्हणजे किस झाड की पत्ती."

"मग रात्री बोलत का नव्हता?"

"राग आलाय म्हणून. पण कालचा नाही." थोरलीने बाजूला सरकून जागा केली. धाकटी बसली. "काल निघताना तुफान मला म्हणाला, मोठी आई, मॅडम आधीच बोलल्या असत्या तर हे झालंच नसतं. मी विचारलं, आधी म्हणजे कधी? तेव्हा त्याने सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर मी कुलूप विसरले होते. तू गुपचूप लावलंस."

धाकटीने खिशातलं कुलूप चाचपलं.

"तू नवी नवी आलीस, आणि पहिल्याच आठवड्यात तुझ्या हातून दूध उतू गेलं. मी काय केलं?"

"झापलंत."

"चांगलं झापलं. सासूबाई म्हणाल्या सुद्धा, नवी आहे गं, सांभाळून घे. पाहुणीच्या हातून गेलं असतं तर मीही म्हटलं असतं, असू द्या हो, होतं असं कधीकधी. तुला झापलं, कारण तू घरातली होतीस. उद्या परत तुलाच दूध तापवायचं होतं." तिने डब्याची कडी उघडली, पुन्हा लावली. "आणि तू मला इथे पाहुणी करून ठेवलंस. त्या पोराला उतर म्हणतेस, दिवसभर केबल ओढायला लावतेस. मला मात्र असू द्या हो. मी रात्रभर तोच विचार करतेय. ही मला शिकवतेय की खेळवतेय?"

"तसं नव्हतं ताई. सगळ्यांदेखत तुमचं मन दुखवायचं माझ्या जिवावर आलं."

"माझं मन राखायला गेलीस, आणि मला राखायची राहिलीस."

वरच्या मजल्यावर कोणाचं तरी दार उघडलं आणि मिटलं. धाकटीचे डोळे भरून आले होते. थोरलीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"चुकलं माझं," धाकटी म्हणाली.

"दोघींचं चुकलं. आता एक कर. इथे मला ताई, अहो, जाहो काही म्हणू नकोस. त्या पोराला जशी बोलतेस तशी बोल. अगं-तुगं कर."

"मला नाही जमणार."

"जमव. बोल बघू, कुलूप लाव."

"कुलूप..." धाकटीने घसा साफ केला. "कुलूप ला... लावा."

"लाव!"

"लाव... ता."

"काय लावता?" खालून येणाऱ्या तुफानने विचारलं. त्याच्या खांद्यावर शिडी होती. दोघींना तिथे बसलेलं बघून त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मॅडम, तुम्ही मोठ्या आईला तू म्हणायला लागलात तर मी नोकरी सोडतो. मला भीती वाटेल."

थोरली हसली. कालपासून पहिल्यांदा. शेवटी ताई आणि अहो तसंच राहिलं. बाकीचं मात्र बदललं.

पुढचे काही दिवस थोरलीने केबल ओढली, कचरा भरला, तक्रार म्हणून केली नाही. ती आणि तुफान यांनी आपसांत एक पद्धत पाडून घेतली. एकजण शिडीला हात लावायच्या आधी दुसऱ्याने बोर्डाशी जाऊन विचारायचं, "कुलूप?" आणि चढणाऱ्याने किल्ली दाखवल्याशिवाय दुसऱ्याने शिडी त्याच्या हाती द्यायची नाही. धाकटीने त्यांना हे शिकवलं नव्हतं. तिने पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःही शिडीवर चढायच्या आधी तुफानला किल्ली दाखवू लागली. मग एका सकाळी ती थोरलीला म्हणाली, "चढा." थोरली चढली. पहिले काही दिवस तिचा हात तारेपाशी जाऊन थबकायचा. धाकटी खाली उभी राहून वाट बघायची, घाई करायची नाही. हळूहळू हात थबकायचा थांबला.

छापखानेवाल्याच्या घराचं काम अर्धवट राहिलं होतं. तिथे परत जाताना थोरलीने वाटेतच विचारलं, "हा अलार्म वाजला तरी त्या माणसाला ऐकू कसा येणार?"

धाकटीच्याही मनात तेच घोळत होतं. बहिऱ्यांसाठी वेगळी वस्तू मिळते, डोळे दिपवणारा दिवा आणि उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती. ठेकेदाराकडे मागणी करावी लागली, तो आधी कुरकुरला, मग आणून दिली. जोडणी धाकटीने केली, आणि थोरलीने तिच्या शेजारी उभं राहून प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते विचारून विचारून तिला भंडावून सोडलं.

बसवून झाल्यावर छापखानेवाल्याला उशीवर डोकं ठेवून डोळे मिटायला सांगितलं. तो आज्ञाधारक मुलासारखा आडवा झाला. थोरलीने बोळातल्या अलार्मचं बटण दाबलं. घरातले सगळे अलार्म एकदम किंचाळले, तुफानने कानांत बोटं घातली, आणि छापखानेवाला ताडकन उठून बसला.

"भूकंप!" तो ओरडला.

त्याची बहीण दाराच्या चौकटीला धरून हसत सुटली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. रात्रपाळीहून येऊन तो झोपला की बाजारात जातानाही तिचा जीव घरात असायचा, असं ती मागाहून थोरलीला म्हणाली. छापखानेवाल्याला मात्र गंमत वाटायला लागली होती. त्याने स्टुलावर चढून बटण स्वतः दाबलं, दिवा लखलखताना बघितला, मग पुन्हा दाबलं. शेवटी खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारू लागले तेव्हा कुठे थांबला.

इमारतीचं काम संपत आलं तेव्हा केंद्रातून परीक्षक आले. दोघा शिकाऊंचं काम प्रत्यक्ष बघायला. जाड भिंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ. तुफानची परीक्षा झाली. त्याने सगळं बरोबर केलं आणि, धाकटीच्या मते, पहिल्यांदाच सावकाश केलं. मग थोरलीची पाळी आली. ती बोर्डाशी गेली, एमसीबी पाडला, कुलूप लावलं, किल्ली दाखवली, टेस्टर तिन्ही वेळा लावला. अलार्मखालची पाटी छताला बसवली, तारा जोडल्या, अलार्म चढवला, वीज सुरू केली, बटण दाबलं. शेजारच्या खोलीतल्या अलार्मने ओरडून उत्तर दिलं. परीक्षकांनी मान हलवली.

"पर्यवेक्षक म्हणून तुमचं काय मत?" त्यांनी धाकटीला विचारलं.

थोरली शिडीजवळ उभी होती. तिने धाकटीकडे पाहिलं नाही, पण कान इकडेच होते.

"जोडणी पक्की असते," धाकटी म्हणाली. "सुरक्षेचं आता विचारायलाच नको. त्या बाबतीत त्या मलाही सोडत नाहीत. पण छताला भोक पाडताना ड्रिल अजून कलतं. मग पाटी तिरकी बसते आणि वेळ जातो. त्यांना अजून सहा महिने छताचं काम भरपूर द्यायला हवं. मी देईन."

"पास करू?"

"करा. माझ्या मुलीच्या खोलीत अलार्म लावायचा असेल तर मी यांनाच सांगेन."

परीक्षकांनी सही केली आणि गेले. तुफानने शिट्टी वाजवली, शिडी मिटली आणि ती खांद्यावर टाकून पुढे निघाला. उन्हं कलली होती. रस्त्यावर शाळेतून घरी जाणाऱ्या पोरांची गर्दी होती. थोरली बराच वेळ गप्प चालत होती. धाकटीला वाटलं, भरून आलं असेल. तिलाही आलंच होतं.

कोपऱ्यापाशी थोरली थांबली.

"तिरकी?" ती म्हणाली. "कुठली पाटी तिरकी बसली?"

"चौथ्या मजल्यावरची. पहिल्या खोलीतली."

"ते छतच तिरकं आहे!"

"छत सरळ आहे ताई. मी लेव्हल लावून बघितलं."

"कधी लावलीस लेव्हल? माझ्यासमोर नाही लावलीस."

"उद्या लावते. तुमच्यासमोर."

"उद्या कशाला, आत्ता चल," थोरली म्हणाली आणि इमारतीकडे परत वळलीसुद्धा. "ए तुफान! शिडी घेऊन इकडे ये!"

तुफानने दूरवरून मागे वळून पाहिलं, आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटला, आणि शिडी सावरत परत येऊ लागला.